व्हेरेसविरुद्धची भाषणे : गव्हाचे प्रकरण

सिसेरोने गायस व्हेरेस या सुभेदाराविरुद्ध रचलेल्या भाषणांचा लौकिक दोन हजार वर्षे टिकून आहे. परंतु तो ज्या उताऱ्यांवर उभा आहे ते उतारे फार थोडे. चौथ्या पुस्तकातील देवमूर्तींची लूट आणि पाचव्यातील गाव्हियसचा वध, एवढेच बहुधा निवडक वेच्यांत येते. मेसाना येथे, समोर इटलीचा किनारा दिसत असता, एका रोमन नागरिकास क्रुसावर चढविले गेल्याचे ते वर्णन अंगावर काटा आणणारे आहे यात संशय नाही. तिसरे पुस्तक मात्र विद्यार्थी चाळतात आणि अध्यापक गाळतात. त्यात आहे तो गव्हाच्या साऱ्याचा हिशेब : मापे, दर, गावोगावचे शेतकरी, मक्तेदारांची नावे. ते कंटाळवाणे आहे हा आक्षेप सर्वस्वी खोटा नव्हे. तथापि प्रस्तुत लेखकाच्या मते या ग्रंथाचा प्राण त्याच पुस्तकात आहे. सत्तेवर घातलेले अंकुश भ्रष्ट अधिकाऱ्याच्या हाती न मोडताही कसे निकामी होतात, हे इतक्या बारकाईने दाखविणारे दुसरे प्राचीन लेखन मला ठाऊक नाही.

रोमचे राज्य आजच्या अर्थाने लोकशाही नव्हते. परंतु एका हाती निरंकुश सत्ता जाऊ नये ही काळजी त्याच्या घटनेत सर्वत्र दिसते, आणि पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने तिची जी वाखाणणी केली ती याच कारणासाठी. सुभ्यावर पाठविलेल्या अधिकाऱ्यासही मुदत होती, त्याच्या जोडीस हिशेब ठेवणारा क्वेस्टर म्हणजे खजिनदार होता, आणि परत आल्यावर त्याने प्रजेस नाडले असे ठरल्यास त्याची चौकशी करणारे स्वतंत्र न्यायालय रोममध्ये होते. व्हेरेस इ. स. पूर्व ७३ मध्ये सिसिलीत गेला तो एका वर्षासाठी. राहिला तीन वर्षे.

सिसिलीत धान्याचा दशांश सारा घेण्याची पद्धत हिएरो राजाच्या वेळेपासून चालत आली होती. तो कायदा मोठा शहाणपणाचा होता : शेतकरी व मक्तेदार यांच्यात लेखी करार व्हावा, आणि कोणीही कोणास फसवू नये. व्हेरेसने हा कायदा रद्द केल्याचे जाहीर केले नाही. त्याने केवळ एक फर्मान काढले. मक्तेदार जेवढे धान्य मागेल तेवढे शेतकऱ्याने आधी द्यावे. ते वाजवीपेक्षा अधिक असल्यास मागाहून दावा लावावा, आणि दावा सिद्ध झाल्यास मक्तेदाराने आठपट भरपाई द्यावी. शेतकऱ्याकडे कसूर निघाली तर त्याला दंड चौपटच. वाचणाऱ्यास वाटावे की हा सुभेदार शेतकऱ्याचा केवढा कैवारी! कागदावर न्यायाचे पारडे उघड उघड दुर्बळाच्या बाजूस झुकलेले आहे.

आता दावा ऐकणारे पंच कोण, ते पाहावे. सिसेरो त्यांची नावेच देतो : सुभेदाराचा वैद्य, सुभेदाराचा शकुन पाहणारा, सुभेदाराचा दवंडीवाला. आणि मुख्य मक्तेदार अप्रोनियस हा तर सुभेदाराच्या पंक्तीचा सोबती. मक्तेदाराशी समझोता झाल्यावाचून खळ्यावरचे धान्य हलवावयाचे नाही, असाही हुकूम होता. म्हणजे पावसात धान्य कुजू द्यावे किंवा मागेल ते देऊन मोकळे व्हावे, एवढीच निवड शेतकऱ्यापुढे उरली. आठपट भरपाईची तरतूद तशीच राहिली. तिचा आधार घेणारा मात्र कोणी उरला नाही. लिओन्तिनीच्या शिवारात पहिल्या वर्षी ८४ शेतकरी होते, तिसऱ्या वर्षी ३२. अगिरियम येथे २५० होते, ते ८० झाले. सिसेरो येथे आवाज चढवीत नाही, एकामागून एक आकडे मांडीत जातो. आणि माझ्या मते गाव्हियसच्या क्रुसापेक्षा या आकड्यांचा परिणाम अधिक खोल आहे. क्रूसावरच्या खिळ्यांचा आवाज तरी ऐकू जातो. या शेतकऱ्यांनी नांगर सोडून गाव सोडले ते निमूटपणे.

राहिला रोममधला अंकुश. तोही जागेवरच होता, पण सुल्लाच्या इ. स. पूर्व ८१ च्या कायद्याने पंच फक्त सेनेटच्या सभासदांतून घेतले जात. म्हणजे उद्या ज्यांना सुभा मिळावयाचा तेच आजच्या सुभेदाराचा न्याय करीत. एका जुन्या खटल्यात लाच घेतलेल्या पंचांनी ठरल्याप्रमाणे मत दिले की नाही हे कळावे म्हणून मतपट्ट्यांना वेगवेगळ्या रंगाचे मेण लावले होते, असे सिसेरो सांगतो. लाचेतही हिशेबाची शिस्त पाळणारी ही मंडळी! व्हेरेसच्या बाजूने प्रथम सेसिलियस नावाचा फिर्यादी पुढे झाला. तो स्वतः व्हेरेसचाच खजिनदार होता. फिर्यादी आपल्याच घरचा असला की फिर्यादीची भीती नाही. तो डाव सिसेरोने हाणून पाडल्यावर दिरंगाईचा डाव आला. पुढील वर्षासाठी व्हेरेसचा वकील हॉर्टेन्शियस व त्याच्या पक्षाचा क्विंटस मेटेलस कॉन्सल निवडून आले, आणि याच न्यायालयाचे अध्यक्षपद मेटेलसच्या भावाकडे गेले. त्या दिवशी क्युरिओ नावाच्या प्रतिष्ठित गृहस्थाने निवडून आलेल्या हॉर्टेन्शियसचे सोडून व्हेरेसचे अभिनंदन केले, कारण त्याच्या मते निवडणुकीच्या निकालातच खटल्याचाही निकाल लागून चुकला होता. निवडणूक, न्यायालय, वकिली या तिन्ही गोष्टी यथाविधी चालू असताना एकाच घरच्या कशा होतात, हे या एका प्रसंगात जेवढे उमटले आहे तेवढे पुढच्या पाच पुस्तकांतील वक्तृत्वात उमटलेले नाही.

सिसेरोने ११० दिवसांची मुदत मागून ५० दिवसांतच पुरावा गोळा केला, लांब भाषण सोडून एकदम साक्षीदार उभे केले, आणि व्हेरेस खटला अर्धवट टाकून मासिलियास पळाला. पाच पुस्तके न्यायालयात कधी म्हटली गेलीच नाहीत. ती लिहून प्रसिद्ध केलेली आहेत. त्याच वर्षी, इ. स. पूर्व ७० मध्ये, पंचांची निवड तीन वर्गांतून करण्याचा कायदा झाला. यावरून सिसेरोने एक संस्था वाचविली असे पुष्कळ चरित्रकार म्हणतात. मला ते मान्य नाही. दुसऱ्याच वर्षी गॉलचा माजी सुभेदार फोन्टेयस याच आरोपाखाली उभा राहिला, तेव्हा त्याचा वकील सिसेरोच होता, आणि आपल्या शपथांवर साक्ष देणारे गॉल लोक विश्वासास पात्र नाहीत, हा त्याचा मुख्य युक्तिवाद होता. सिसिलीच्या शेतकऱ्याचा शब्द सोन्याचा आणि गॉलचा मातीचा, हा भेद कोणत्या न्यायाने? व्हेरेसच्या खटल्यात अंकुश टोचला तो एका महत्त्वाकांक्षी वकिलाच्या बुद्धीमुळे. तो पुन्हा कोणाला टोचावयाचा हे त्या वकिलाच्या पक्षावर अवलंबून राहिले.

व्हेरेसचा हा खटला बर्कच्या डोळ्यांसमोर होता, हे आपल्याकडील वाचकास विशेष वाटेल. वॉरन हेस्टिंग्जवरील महाभियोग १७८८ मध्ये सुरू झाला आणि १७९५ मध्ये तो निर्दोष सुटला. बर्कनेही सिसेरोप्रमाणे क्रौर्याच्या वर्णनांवर भिस्त ठेवली. परंतु कंपनीच्या अधिकाऱ्यांवर वचक बसावा म्हणून १७७३ च्या कायद्याने जे सर्वोच्च न्यायालय कलकत्त्यास स्थापिले, त्याच न्यायालयाने हेस्टिंग्जवर लाचेचा आरोप करणाऱ्या नंदकुमारास १७७५ मध्ये एका जुन्या खोट्या दस्तऐवजाच्या आरोपावरून फाशी दिले, आणि मुख्य न्यायाधीश इंपी हा हेस्टिंग्जचा शाळासोबती होता. हेस्टिंग्जचा त्यात हात होता की नाही याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. हात नसला तरी पुढे तक्रार करू पाहणाऱ्या बंगाल्यास जो बोध व्हावयाचा तो झालाच असेल. तिसरे पुस्तक वाचलेल्यास ही कथा अनोळखी वाटणार नाही.

सिसेरोच्या भाषणांना एकच बाजू आहे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. हॉर्टेन्शियसने काय म्हटले असते ते आपणांस वाचावयास मिळत नाही. वक्ता प्रसंगी फुगवून सांगतो, स्वतःची प्रशंसा करण्यात तर त्याचा हात कोणी धरणार नाही. परंतु फर्मानाची कलमे व पंचांची नावे तो भर रोममध्ये प्रसिद्ध करीत होता, आणि ती खोटी असती तर विरोधकांना ते दाखवून देणे कठीण नव्हते.

इ. स. पूर्व ४३ मध्ये अँटनी, ऑक्टेव्हियन व लेपिडस यांनी वध्य माणसांच्या याद्या चौकात लावल्या. तेथे फिर्यादी नव्हता, पंच नव्हते, मेणाच्या पट्ट्याही नव्हत्या. यादीत सिसेरोचे नाव होते. मासिलियात म्हातारा झालेल्या व्हेरेसचेही होते. प्लिनी सांगतो की त्याच्याजवळची कॉरिंथची धातूची भांडी अँटनीच्या मनात भरली होती.