चालता न येणारं वाद्य

फलटणला वरात निघाली की पुढे बँड असतो. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, नशीब चांगलं असेल तर सॅक्सोफोन, मागे ढोल. हल्ली बेंजो पार्टीने त्यांचं बरंच काम काढून घेतलंय, तो विषय वेगळा. मुद्दा असा की बँडमधली सगळी वाद्यं चालता चालता वाजवता येतात. न्यू ऑर्लिन्समध्ये जॅझ जन्माला आला तोही बराचसा रस्त्यावरच, मिरवणुकांमध्ये आणि अंत्ययात्रांमध्ये. कॉर्नेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा. चेलोला मात्र खुर्ची लागते आणि तो धरायला दोन गुडघे. जो रस्त्यावर येऊ शकत नाही त्याला वरातीत जागा नाही, मग ती वरात लुइझियानातली असो की मलठणातली.

पण जॅझ पुढे नाचघरांत आणि हॉटेलांत गेला, तिथे खुर्च्या होत्याच की. डबल बास तिथे उभा राहिला आणि टिकला. मग चेलो का नाही? हा प्रश्न मला अमेरिकेपेक्षा मुंबईबद्दल जास्त छळतो. कारण मुंबईत चेलो आणि जॅझ अक्षरशः एका खोलीत बसत होते.

गोव्याहून आलेले वादक रात्री हॉटेलांत जॅझ वाजवायचे आणि दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जायचे. नरेश फर्नांडिस यांच्या 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' (2012) या पुस्तकात हे जग सविस्तर आलंय, न वाचलेल्यांनी जरूर वाचावं. त्या स्टुडिओंमध्ये व्हायोलिनच्या रांगांमागे चेलो असायचे. पुढे राहुल देव बर्मन यांच्याकडे तर तीन मुख्य सहायकांपैकी एक जण चेलोवादकच होता: बासू चक्रवर्ती. दुसरे मनोहारी सिंग, सॅक्सोफोनवाले. तिसरे आपले मारुतीराव कीर, तालाची बाजू सांभाळणारे. बासू-मनोहारी या जोडीने 'सबसे बडा रुपैया' (1976) सारख्या चित्रपटांना स्वतंत्रपणे संगीतही दिलं. म्हणजे चेलोवाला कुठे कोपऱ्यात दबलेला नव्हता, निर्णय घेणाऱ्यांत होता.

तरीही 'आराधना' (1969) मधलं पावसाळी रात्रीचं ते गाणं म्हटलं की लोक सॅक्सोफोन गुणगुणतात आणि त्यासोबत मनोहारी सिंग यांचं नाव येतं. बासूदांचा चेलो गुणगुणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. सिनेमाने चेलोला जे काम दिलं ते भरावाचं. अंतऱ्याच्या मागे एक उलटी चाल, दुःखाच्या प्रसंगी एक लांब सूर. ते काम सुंदर झालंय, याबद्दल वाद नाही. पण 'मी आता काहीतरी सांगतो, तुम्ही थांबा' असं म्हणायची मुभा सॅक्सोफोनला मिळाली आणि चेलोला मिळाली नाही.

'चेलोचा स्वभावच तसा, गंभीर, मागे राहणारा' असं यावर कोणी म्हणालं तर मी सारंगीकडे बोट दाखवेन. सारंगीबद्दलही शंभर वर्षं हेच बोललं जायचं. ती गायकाच्या मागे बसायची. याच मुंबईत, याच सिनेमाच्या स्टुडिओंत काम करणाऱ्या रामनारायण यांनी 1954 मध्ये एकल वादनाचा प्रयत्न केला, तो फसला. 1956 मध्ये पुन्हा केला, तो जमला आणि पुढे त्यांनी मैफिलीत गायकांची साथ करणं सोडून दिलं. वाद्याचा स्वभाव बिभाव काही नसतो. कुणीतरी हट्टाने पुढे येऊन बसावं लागतं. चेलोच्या बाबतीत हिंदुस्थानी संगीतापुरता तो हट्ट सास्किया राव-द हास यांनी केला. मूळच्या डच, हरिप्रसाद चौरसियांकडे शिकलेल्या. त्यांनी चेलो लहान करून घेतला, जमिनीवर बसून वाजवता येईल असा, आणि त्याला तरफांच्या तारा लावल्या. मुंबईच्या जॅझला असं कुणी मिळालं नाही.

अमेरिकेत मिळालं, पण तेही आडवाटेने. 1949 मध्ये बासवादक ऑस्कर पेटीफर्ड यांचा बेसबॉल खेळताना हात मोडला. बास झेपेना म्हणून ते चेलोकडे वळले आणि 1950 मध्ये त्यांनी त्यावर रेकॉर्डिंगही केलं. गंमत अशी की चेलोच्या तारा एकमेकींशी षड्ज-पंचमाच्या नात्याने लावतात. पेटीफर्ड यांनी त्या बाससारख्या, षड्ज-मध्यमाच्या नात्याने लावल्या, म्हणजे बोटांना नवीन काही शिकायला नको. 1960 च्या आसपास रे ब्राउन, सॅम जोन्स, डग वॉटकिन्स हे बासवालेही चेलो घेऊन बसले. यातलं बरंचसं वादन बोटांनी छेडून केलेलं आहे. ऐकायला मजा येते, पेटीफर्ड तर फारच गोड वाजवतात, पण मला तो चेलो वाटत नाही. तो हाफ पँट घातलेला बास आहे. गजाचं वाद्य घ्यायचं आणि गज बाजूला ठेवायचा, याला काय म्हणावं?

उलट्या टोकाला फ्रेड कॅट्झ. पाब्लो कसाल्सकडे शिकलेले. 1955 पासून चिको हॅमिल्टन यांच्या पंचकात त्यांनी गजाने चेलो वाजवला, सोबत बासरी आणि गिटार. हा खरा चेलो आहे, आणि माझी तक्रार नेमकी उलटी आहे: तो फारच सभ्य आहे. दिवाणखान्यातले पाहुणे आल्यासारखा. ताल पुढे चालतो, चेलो त्यावर इस्त्री फिरवतो.

एरिक डॉल्फी यांचा 'आउट देअर' (ध्वनिमुद्रण 1960) मात्र ऐकाच. त्यात पियानो नाही. बासवर जॉर्ज ड्युविव्हिए, ड्रम्सवर रॉय हेन्स आणि चेलोवर रॉन कार्टर. कार्टर लहानपणी चेलोच शिकले होते, पण शास्त्रीय वाद्यवृंदांत काळ्या चेलोवादकाला दार बंद दिसलं आणि ते बासकडे गेले. त्यामुळे इथला चेलो त्यांच्यासाठी नवा प्रयोग नव्हता, सोडावं लागलेलं घर होतं. त्यांच्या गजाचे सूर काही ठिकाणी हलतात, जाणकार नाक मुरडतात. मुरडू देत. डॉल्फींच्या अल्टो सॅक्सोफोनसोबत तो एकच चाल वाजवतो तेव्हा दोन्ही आवाज किंचित बेसूर होऊन एकमेकांना घासतात, आणि त्या घासण्यात जे आहे ते कॅट्झ यांच्या सगळ्या रेकॉर्डमध्ये मिळून नाही.

आणि मग अब्दुल वदूद. ज्युलियस हेम्फिल यांनी 1972 मध्ये सेंट लुईसला 'डोगॉन ए.डी.' ध्वनिमुद्रित केला आणि स्वतःच्याच लेबलवर काढला. सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ड्रम्स, चेलो. बास नाहीच. शीर्षकाचा तुकडा चौदा मिनिटांहून मोठा आहे, अकरा मात्रांचा. अकरा मात्रा म्हटल्यावर आपल्याकडचा माणूस सम शोधायला लागतो, ती सापडते, पण जरा अडखळत. चेलो गजाने एकच खडबडीत तुकडा घासत राहतो, पुन्हा, पुन्हा. उसाच्या चरकासारखा आवाज आहे तो, ही उपमा फलटणच्या माणसाला सुचणारच. वदूद इथे बासचं काम करतात, तालाचं करतात आणि ब्लूज गाणाऱ्या म्हाताऱ्याच्या घशाचंही करतात. पेटीफर्डचा झोल आहे, कॅट्झचा गज आहे, इस्त्री कुठेच नाही. हा माणूस वाद्यवृंदातही वाजवायचा. म्हणजे 'शास्त्रीय' हात असला की ब्लूज येत नाही, हीही सबब गेली.

एक तांत्रिक सूचना. चेलोची सर्वांत खालची तार साधारण 65 हर्ट्झवर असते. फोनच्या स्पीकरमधून तो मूळ सूर बाहेर पडतच नाही, वरचे अंश ऐकून मेंदू बाकीचं रचून घेतो. तेव्हा हे सगळं बरे इअरफोन लावून ऐका, नाहीतर 'डोगॉन'मध्ये फक्त खरखर ऐकू येईल आणि तुम्ही मला शिव्या घालाल.

'डोगॉन' पचला तर वदूद यांचा 'बाय मायसेल्फ' (1977) लावा. स्वतःच्या लेबलवर काढलेला, पूर्ण रेकॉर्डभर एकटा चेलो. कुणाच्या मागे नाही, कारण पुढे कुणीच नाही. वर्षानुवर्षं ही रेकॉर्ड मिळायची नाही. वदूद 2022 च्या ऑगस्टमध्ये गेले आणि ती पुन्हा निघाली 2023 मध्ये.