शब्दाचा अर्थ राहतो कुठे?

लुडविग विटगेनश्टाइन या तत्त्वज्ञाने भाषेचा विचार दोनदा केला. वाक्य म्हणजे वस्तुस्थितीचे चित्र, असे त्याने १९२१ च्या ‘ट्रॅक्टेटस’मध्ये मांडले. नंतर काही वर्षे तो ऑस्ट्रियातल्या खेड्यांत शाळामास्तर होता. त्याच्या मृत्यूनंतर, १९५३ साली निघालेल्या ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’मध्ये त्याने स्वतःचेच म्हणणे खोडून काढले आहे. शब्दाचा अर्थ बहुधा त्याच्या वापरात असतो आणि वापर माणसांच्या जगण्याच्या रीतीत, असे तो इथे म्हणतो.

मला हे पटते. ‘उष्टे’ हा शब्द इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना व्याख्या सांगून कळत नाही. “अगं, तो चमचा उष्टा आहे, पातेल्यात घालू नकोस,” हे चारदा ऐकले की आपोआप कळतो.

पण एक शंका उरते. ज्या घरात ती रीतच सुटली, तिथे त्या शब्दाचे काय? तत्त्वज्ञानाने फक्त वर्णन करावे, असे विटगेनश्टाइन मानतो. रीत टिकवायची कशी, हे तो सांगत नाही. ते आपल्यालाच पाहावे लागेल. मराठी शाळेत शब्दांच्या याद्या जरूर द्याव्यात, पण त्यांना अर्थ येईल तो घरी, जेवणाच्या टेबलावरच.