'विपरीत' : एक शब्दविचार

निसर्गनियमाविरुद्ध काही घडले की आपण त्यास 'विपरीत' म्हणतो, आणि त्यात अशुभाची छटा हटकून असते. बिदर जिल्ह्यातील औरादसारख्या द्विभाषिक सीमाभागात मात्र हाच शब्द कन्नडात 'अतिशय' या अर्थाने कानी पडतो. तेथे पाऊस विपरीत, थंडीही विपरीत. व्युत्पत्ती पाहिली तर यांपैकी एकही छटा मुळात नाही. वि आणि परि हे उपसर्ग, 'इ' म्हणजे जाणे हा धातू. अर्थ एवढाच की उलट दिशेस गेलेले. हठयोगातील विपरीतकरणीत देह उलटा होतो, तरी तीस कोणी अमंगळ मानीत नाही.

गीतेच्या १ल्या अध्यायात अर्जुनास निमित्ते विपरीत दिसतात. १८व्या अध्यायात भगवंत हा शब्द योजतात तो तामसी बुद्धीविषयी सांगताना. सर्व गोष्टी विपरीत पाहते ती ही बुद्धी. पहिल्या ठिकाणी शकुनावर असलेला बोल येथे पाहणाऱ्यावर येतो. म्हणूनच व्यंगासह जन्मलेल्या अर्भकास वा वासरास 'विपरीत' म्हणून अपशकुन ठरविणे हा या शब्दाचा अपप्रयोग होय. असे जन्म निसर्गातच होतात. मंदिराच्या ओवरीत तरी हा प्रयोग आपण सोडून द्यावा.