वीजगळतीचा आकडा येतो कुठून?

वीज क्षेत्राच्या खासगीकरणावर सिनॉप्सिस लिहायला बसलात की लगेच एक साचा हाती लागतो. सुधारणेआधी गळती इतकी, नंतर इतकी, म्हणून सुधारणा यशस्वी किंवा फसलेली. जॉर्जियापासून ओडिशापर्यंतचं बरंचसं लेखन या साच्यातलं आहे. माझी तक्रार नेमकी या साच्याबद्दल आहे, कारण महाराष्ट्रात तो चालत नाही.

थोडी पार्श्वभूमी घेऊ. १९९० च्या दशकात माजी सोव्हिएत देशांना आणि आपल्याकडच्या राज्यांना जागतिक बँकेने साधारण एकच औषध लिहून दिलं: मंडळ तोडा, नियामक आयोग नेमा, वितरण खासगी कंपनीला द्या. एईएस ही अमेरिकन कंपनी १९९८ मध्ये तिबिलिसीत आणि १९९९ मध्ये ओडिशात वितरणात उतरली. २००१ मध्ये तिने ओडिशा सोडलं, २००३ मध्ये जॉर्जिया. महाराष्ट्राने पहिल्या दोन पायऱ्या चढल्या. १९९९ मध्ये आयोग आला, ६ जून २००५ रोजी मंडळाचं विभाजन झालं. वितरण मात्र, मुंबईचा मोठा भाग सोडला तर, सरकारी महावितरणकडेच राहिलं.

आता गळतीकडे या. गळती मोजायचं असं कुठलंही यंत्र नाही. ती वजाबाकी आहे: जाळ्यात गेलेली वीज वजा ग्राहकांनी वापरलेली वीज. पण आपल्याकडे लाखो कृषिपंपांना मीटरच नाही. त्यांचं बिल अश्वशक्तीवर निघतं आणि वापर अंदाजाने धरला जातो. समजा, १०० युनिट आत गेले, मीटरवर ६० दिसले आणि पंपांचे २५ धरले, तर गळती १५. पंपांचे १५ धरले तर गळती २५. तार तीच, चोरी तितकीच, आकडा वेगळा.

हे नुसतं कागदी उदाहरण नाही. वीज मंडळ वर्षानुवर्षं आपली गळती २० टक्क्यांच्या आत सांगायचं. आयोगासमोर पहिली दरवाढ सुनावणीला आली, पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्थांनी हिशेब मागितला, आणि आकडा ३० टक्क्यांच्या पुढे गेला. इचलकरंजीचे प्रताप होगाडे आणि त्यांची वीज ग्राहक संघटना हाच मुद्दा पुढे लावून धरत राहिली. मार्च २०२० च्या दरनिश्चितीत आयोगाने पंपांचा वापर कमी धरला, तशी कागदावरची गळती पुन्हा वाढली. अशा आकड्यांची मालिका घेऊन तुम्ही २००५ च्या आधीची आणि नंतरची तुलना केलीत, तर नेमकं काय मोजलंत? सुधारणा, की अंदाज धरायची पद्धत?

“मग भिवंडीचं काय?” असं तुम्ही विचाराल. रास्त प्रश्न आहे. जानेवारी २००७ मध्ये तिथे टोरंट पॉवर फ्रँचायझी म्हणून आली. ५० टक्क्यांच्या वर असलेली एकत्रित हानी काही वर्षांत २० टक्क्यांच्या आसपास उतरली. हा आकडा बऱ्यापैकी भरवशाचा आहे, कारण भिवंडी यंत्रमागांचं शहर, शेतीपंप नगण्य. पण तेवढ्याच कारणाने तो करवीर किंवा शिरोळच्या ऊसपट्ट्याला लावता येत नाही. शिवाय परवाना महावितरणकडेच होता, त्यामुळे याला खासगीकरण म्हणायचं का, हे आधी ठरवावं लागेल. आणि २०११ मध्ये औरंगाबाद, जळगाव, नागपूर इथे हाच प्रयोग झाला, तो अनुक्रमे २०१४, २०१५ आणि २०१९ मध्ये संपला. फक्त भिवंडीवर लिहिणारे लेख या तीन शहरांना एका तळटीपेत गुंडाळतात. ही सोयीची निवड झाली.

खरी तुलना हवी असेल तर आपल्या दाराशी आहे. इचलकरंजी हेही यंत्रमागांचं शहर, आणि तिथे वीज महावितरणच देते. भिवंडीत फरक कंपनीने पडला, की फीडरवरच्या मीटरने आणि वसुलीने, हे शोधायला याहून चांगली जोडी कुठे मिळणार?

हा वाद फक्त थिसिसपुरता नाही. गळती किती मान्य करायची, यावर तुमचा-आमचा दर ठरतो. पंपांच्या नावावर फुगवलेल्या युनिटवर सरकारचं अनुदान जातं आणि बोल शेतकऱ्याला लागतो. ४ जानेवारी २०२३ ला वीज कर्मचारी खासगीकरणाच्या भीतीने संपावर गेले, तेव्हाही महावितरणची कामगिरी खरंच कशी आहे, हा प्रश्न तिथेच होता.

तेव्हा पुढचा पेपर वाचताना निष्कर्षाआधी परिशिष्ट उघडा. विनामीटर वापर किती, तो कोणी ठरवला, आणि मधल्या काळात पद्धत बदलली का, एवढं बघा. ही उत्तरं सापडली नाहीत, तर टक्केवारी तुमच्या तक्त्यात घेऊ नका. गाईडने विचारलंच, तर तक्त्यातल्या रिकाम्या चौकटीचं कारण तुम्हाला सांगता येईल.