गागोद्याची तीन वर्षं

खोपोलीहून पेणच्या रस्त्याला लागलं की खालापूर तालुका मागे पडतो आणि पुढे गागोदे येतं. गागोदे बुद्रुक हे विनोबांचं जन्मगाव, त्यामुळे नाव शाळेपासून कानावर असलेलं. शेजारच्या गागोदे खुर्दच्या हद्दीत, रस्त्यालगतच्या झाडीत, 23 मे 2012 रोजी एक जळालेला मृतदेह सापडला. पोलीस पाटलाने पेण पोलिसांना कळवलं. पोलीस आले, पाहणी झाली, काही हाडं नमुना म्हणून मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात गेली आणि उरलेले अवशेष तिथेच पुरले गेले. खुनाचा गुन्हा तर नाहीच, साध्या अकस्मात मृत्यूचीही नोंद झाली नाही. तीन वर्षं त्या जागेवर पाऊस पडला, गवत वाढलं, वाळलं.

ऑगस्ट 2015 मध्ये मुंबई पोलिसांनी पकडलेल्या एका ड्रायव्हरच्या जबानीतून शीना बोराचं नाव पुढे आलं. तिची आई इंद्राणी मुखर्जी म्हणजे माध्यमांच्या जगातलं मोठं नाव. त्या आठवड्यात गागोद्याच्या रस्त्यावर वाहिन्यांच्या गाड्या लागल्या आणि जमीन पुन्हा खणली गेली. हाडं तीच होती, जागाही तीच. बदललं होतं ते एवढंच, की आता त्या हाडांना एक नाव होतं आणि त्या नावामागे श्रीमंत घर होतं.

या प्रकरणावरची चार भागांची माहितीपट-मालिका, 'द इंद्राणी मुखर्जी स्टोरी: बरीड ट्रुथ', 29 फेब्रुवारी 2024 रोजी नेटफ्लिक्सवर आली. त्याआधी ती थांबवावी म्हणून तपास करणारी सीबीआय उच्च न्यायालयात गेली होती. न्यायमूर्तींनी मालिका पाहिली आणि खटल्याला बाधा येईल असं तिच्यात काही नाही म्हणून प्रदर्शनाला वाट मोकळी केली. इंद्राणी मुखर्जींवर खुनाचा खटला चालू आहे, आणि शीना जिवंत आहे असं त्या म्हणत आल्या आहेत. मालिका उभी आहे ती या दाव्या-प्रतिदाव्यांवर. खरं कोण बोलतंय, आई असं करेल का, कोणत्या घरात काय शिजत होतं, हे प्रश्न ती नेटाने विचारते. मुलाखती चांगल्या घेतल्या आहेत, संकलन घट्ट आहे, आणि एकदा बसलं की चारही भाग संपवूनच माणूस उठतो.

मी उठलो तेव्हा मात्र मन गागोद्यात अडकलं होतं. मला ती तीन वर्षं हवी होती. जळालेलं प्रेत समोर असताना नोंदवहीचं पान कोरं कसं राहतं? जे. जे.ला गेलेल्या नमुन्यांचा पाठपुरावा कोणी करायचा होता? मुंबईत शीनाच्या जवळच्या माणसाने पोलिसांचे उंबरे झिजवले, असंही पुढे समोर आलं. म्हणजे एका टोकाला बाई शोधणारा माणूस, दुसऱ्या टोकाला बेवारस हाडं, आणि मधल्या शंभरेक किलोमीटरच्या रस्त्यावर एकही कागद पुढे सरकला नाही. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे, आणि आपला ट्रू क्राइम माहितीपट नेमका इथेच थांबत नाही. नाव सापडल्यानंतर तो येतो. बेनाव बाईपाशी जायचा रस्ता त्याने अजून शोधलेला नाही.

कर्जत-खालापूरच्या माणसाला हा रस्ता ठाऊक आहे. मुंबई आणि पुणे यांच्या मधोमध आपण राहतो. बोरघाट, एक्स्प्रेस वे, जुना हायवे, उल्हास आणि पाताळगंगेचं खोरं, फार्महाऊसांमागचं जंगल. हरवल्याची तक्रार एका शहरात असते आणि प्रेत भलत्याच तालुक्यात. एका ठाण्याची मिसिंग आणि दुसऱ्या ठाण्याची अकस्मात मृत्यूची नोंद, हे दोन कागद एकमेकांना भेटले तरच तपास सुरू होतो. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 174, म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 194, पोलिसांना संशयास्पद मृत्यूची चौकशी आणि पंचनामा करायला सांगतं. गागोद्यात ती पहिली पायरीच गळाली.

रेल्वे स्थानकांवर पोलिसांची पत्रकं चिकटवलेली असतात. अनोळखी मयत स्त्री, वय अंदाजे 30 ते 35, बांधा सडपातळ, रंग सावळा, नाक सरळ, अंगात अमुक रंगाची साडी, हातात काचेच्या बांगड्या, उजव्या मनगटावर गोंदलेलं. लोकल पकडायच्या घाईत आपण ती ओलांडून जातो. एकदा थांबून वाचावीत. त्या रुक्ष सरकारी मराठीत बाईकडे पाहणं आहे. बांगड्या कुठल्या रंगाच्या, किती, ब्लाउजला हुक आहे की बटण, पायात जोडवी आहेत का, हे कोणीतरी वाकून पाहिलेलं असतं. आपल्या बहुतेक माहितीपटांत बाईकडे इतकं निरखून पाहिलेलं मला आढळत नाही. तिथे तिचा एक हसरा फोटो असतो, त्यावर हळूहळू सरकणारा कॅमेरा असतो आणि मागे व्हायोलिन.

मराठी पडद्यावर तर पारडं फारच मारेकऱ्याकडे झुकलं आहे. वाईच्या खून प्रकरणात 2003 पासून बायका नाहीशा होत होत्या आणि संशयित डॉक्टर गजाआड गेला ऑगस्ट 2016 मध्ये, तोही अंगणवाडी शिक्षिकांच्या संघटनेतली एक कार्यकर्ती बेपत्ता झाल्यावर. तिच्यामागे संघटना होती, विचारणारी माणसं होती. आधीच्या बायकांमागे तसं कोणी नव्हतं. या तेरा वर्षांवर खरं तर मराठीतला सर्वांत महत्त्वाचा माहितीपट व्हायला हवा होता. त्याऐवजी 2020 मध्ये झी मराठीवर त्याच प्रकरणावर बेतलेली मालिका 'देवमाणूस' आली. घराघरात डॉक्टरची लकब, त्याचं हसणं, त्याची पुढची चाल यांची चर्चा झाली. किरण गायकवाडचं काम उत्तम होतं, ते नाकारायचं कारण नाही. पण ज्या बायका वाईजवळच्या धोमच्या मातीतून बाहेर काढल्या गेल्या, त्या मालिकेत भाग पुढे ढकलण्यापुरत्या राहिल्या. मला हे आजही सलतं.

सोनी लिव्हवरची 'मानवत मर्डर्स' (2024) ही नाट्यमालिका जास्त जबाबदार आहे. आशिष बेंडे यांनी परभणी जिल्ह्यातल्या 1972 ते 74 च्या हत्यांचा काळ, वाडे, धूळ आणि भीती नीट उभी केली. तरी कथा तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्याच पावलांनी चालते, आणि मूळ आधार त्यांच्याच आठवणींचा असल्याने ते साहजिकही आहे.

वेगळी वाट धरलेली एक मालिका मला दिसते, आणि ती मराठी दिग्दर्शकाची आहे याचं समाधान वाटतं. उमेश कुलकर्णी यांची 'इंडियन प्रिडेटर: मर्डर इन अ कोर्टरूम' (2022). नागपूरच्या कस्तुरबानगरात अक्कू यादवने माजवलेली दहशत आणि 13 ऑगस्ट 2004 रोजी भर न्यायालयात जमावाने केलेली त्याची हत्या हा विषय. मालिकेच्या नावात शिकारी आहे, पण पडद्यावर वस्तीतल्या बायका बोलतात. तक्रार घेऊन गेल्यावर ठाण्यात काय ऐकावं लागलं, ते त्या सांगतात. त्यांचा आवाज चढतो, मध्येच थांबतो. 'वळू' आणि 'देऊळ' करणाऱ्या दिग्दर्शकाला माणसांच्या घोळक्याला बोलतं करता येतं, ते इथे कामी आलं. नाट्यरूपांतराची दृश्यं मला जड वाटली. बायकांच्या चेहऱ्यांनंतर त्यांची गरजच उरत नाही.

जगात ही कला कुठवर गेली आहे ते पाहायचं तर लूर्देस पोर्तिय्यो यांचा 'सेन्योरिता एक्स्त्राविआदा' (2001) पाहावा. मेक्सिकोच्या सिउदाद ह्वारेसमध्ये कारखान्यांत राबणाऱ्या तरुण मुली मारल्या जात होत्या आणि प्रशासन हात वर करत होतं. पोर्तिय्यो खुनी शोधत बसत नाहीत. आया, बहिणी, रिकाम्या खोल्या, मुलींचे कपडे यांच्यापाशी बसतात. निक ब्रूमफिल्ड यांच्या 'टेल्स ऑफ द ग्रिम स्लीपर'मध्ये (2014) लॉस एंजेलिसच्या गरीब कृष्णवर्णीय वस्तीत पोलिसांनी दशकानुदशकं न विचारलेले प्रश्न दिग्दर्शक गाडीतून फिरत विचारतो, आणि वस्ती भडाभडा उत्तरं देते. 'द कीपर्स'मध्ये (2017) बाल्टिमोरच्या एका नन शिक्षिकेच्या 1969 मधल्या हत्येचा माग तिच्याच दोन विद्यार्थिनी काढतात. दोघींनी निवृत्तीच्या वयात स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद मांडले आहेत. तो खून आजही उकललेला नाही, आणि तरीही सात भाग पाहून हाती काही लागलं नाही असं वाटत नाही.

आपल्याकडे असं टेबल मांडणारी माणसं नाहीत असं नाही. सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे-गोरे एप्रिल 2016 मध्ये बेपत्ता झाल्या. पोलीस खात्यातल्या बाईसाठीही घरच्यांना उंबरठे झिजवावे लागले. पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकर याला अटक झाली ती डिसेंबर 2017 मध्ये, आणि पनवेलच्या न्यायालयाने जन्मठेप दिली एप्रिल 2025 मध्ये. मृतदेह कधीच मिळाला नाही. तो माहितीपट करायचा तर खुनाच्या रात्रीची नक्कल लागत नाही. नऊ वर्षांतले अर्ज, पोचपावत्या आणि तारखा एकामागून एक टेबलावर ठेवत गेलं तरी पाहणाऱ्याचा श्वास अडकेल.

गागोद्याच्या माहितीपटाचा आराखडाही माझ्या मनात असाच आहे. कॅमेऱ्याने मुद्देमालाच्या मागे चालावं. झाडीतून सुरुवात, मग पेण, जे. जे., 2015 चं खोदकाम आणि सीबीआय. जून 2024 मध्ये, मालिका येऊन चार महिनेही झाले नसताना, 2012 मध्ये पेणला मिळालेली ती हाडं सापडत नाहीत असं सरकारी पक्षाने न्यायालयात सांगितलं. पुढच्या महिन्यात ती सीबीआयच्या दिल्लीतल्या कार्यालयात असल्याचं कळवण्यात आलं.