वाडा आणि वजडी

पिंपळगाव राजासारख्या गावात बसून मी फ्रेंच भोजनगृहांवर लिहावे काय? लिहावे, कारण प्रश्न पंगतीचा आहे. १७८९ च्या क्रांतीनंतर सरदारांच्या पदरचे काही आचारी बेकार झाले. त्यांनी पॅरिसमध्ये भोजनगृहे थाटली, आणि वाड्यातला स्वयंपाक पैसे मोजणाऱ्याला खुला झाला. डुकराच्या रक्ताचे 'बुदँ' आणि गुरांची वजडी तिथे आज शुभ्र मेजावर मानाने येते.

आपल्याकडे रक्ती आणि वजडी महारवाड्या-मांगवाड्यांतच राहिली. प्रतिष्ठित पाकपुस्तकांनी तिला पान वाढले नाही. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' (२०१५) या पुस्तकात हे अन्न नोंदविले, हे त्यांचे मोठे काम.

मात्र फ्रेंचांची साक्ष काढून आपली रक्ती थोर ठरवू नये. तिथे गिऱ्हाईक ती निवडते. इथे जातीने तो वाटा लादला होता. चव आमच्या आयांच्या हातची, वाटा गावगाड्याचा. हा भेद समीक्षेने सोडू नये. नाहीतर उद्या आमचीच वजडी हवेलीतल्या महागड्या ताटात येईल, आणि ती रांधणारी बाई दाराबाहेरच उभी राहील.