धावता आकडा

ऑडॅसिटी उघडली की माझी नजर आधी घड्याळाकडे जाते. तास, मिनिटं, सेकंद. ठळक आणि खिडकीतल्या इतर कुठल्याही अक्षरापेक्षा मोठं. डोमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी १९९९ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात हे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं आणि २००० च्या मे महिन्यात ते लोकांच्या हाती फुकट दिलं. त्याचं कौतुक होतं ते बहुधा आवाज कापण्या-जोडण्याच्या सोयींसाठी. माझा जीव मात्र त्या आकड्यावर आणि शेजारच्या पाच-सहा बटणांवर आहे. समोर गाणारा माणूस बसला असताना रेकॉर्डिंग करणाऱ्याला काय लागतं, हे ज्याला उमगलं आहे त्याच्याच हातून अशी मांडणी होते.

आकड्याच्या उजव्या अंगाला बारीकसा बाण असतो. तो दाबला की यादी उघडते आणि तोच क्षण वेगवेगळ्या मापांत वाचता येतो. नुसते सेकंद, मिलिसेकंद, सिनेमाच्या २४ चौकटी, पाल पद्धतीच्या व्हिडिओच्या २५, सीडीच्या ७५. आणि ज्यांना आवाजाच्या तळाशी जायचं आहे त्यांच्यासाठी सॅम्पल, म्हणजे आवाजाचे सुटे नमुने: सेकंदाला ४४,१००. हा आडनिडा आकडा कुठून आला याची गोष्ट मला फार आवडते. सुरुवातीच्या काळात डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर उतरवत असत. अमेरिकी पद्धतीत एका फील्डमध्ये वापरण्याजोग्या २४५ रेषा, सेकंदाला ६० फील्ड आणि प्रत्येक रेषेत तीन सॅम्पल, म्हणजे ४४,१००. युरोपी पद्धतीत २९४ रेषा, ५० फील्ड, पुन्हा तीन सॅम्पल, उत्तर तेच. टेपचं युग सरलं, आकडा राहिला. त्याला ७५ ने भागलं की सीडीच्या एका चौकटीत बरोबर ५८८ सॅम्पल बसतात, बाकी शून्य.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात या घड्याळाचा खरा कस लागतो. एकीकडे औद्योगिक वसाहत, जालना रोडची वर्दळ. दुसरीकडे शेंद्रा कमंगर हे जुनं गाव, मांगीरबाबाच्या चैत्रातल्या यात्रेचं. गावातल्या एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या मी रेकॉर्ड करतो. ओवी संपते, जातं फिरत राहतं, आजी मनात पुढची जुळवतात, आणि नेमका त्याच वेळी बाहेरून टेम्पो जातो. बोट आपसूक पी या कळीकडे वळतं. पी म्हणजे पॉज: आकडा जागीच थांबतो, कळ पुन्हा दाबली की तिथूनच पुढे निघतो, आणि ऐकणाऱ्याला सांधा सापडेलच असं नाही.

सोय उत्तम आहे. पण ओव्यांच्या बाबतीत मी ती वापरत नाही. पॉज केलं की पडद्यावरचं घड्याळ आणि आजींच्या ओसरीवरचा वेळ यांची फारकत होते. दोन ओव्यांमधलं ते थांबणं गाण्याचाच भाग आहे. आठवण तिथेच जुळत असते. ठरावीक पातळीच्या वर आवाज आला तरच रेकॉर्डिंग चालू ठेवणारी सोयही मला इथे घातक वाटते. टेम्पोला ती हमखास जागी होईल, आणि आजींनी दबक्या आवाजात उचललेला पहिला शब्द मात्र गिळून टाकेल.

मग करायचं काय? आर दाबून रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि आकड्याला धावू द्यायचं. टेम्पो आला तर येऊ द्यायचा. फार गोंगाट झाला तर, "आजी, एवढी एक पुन्हा म्हणता का?" असं विचारायचं, तेही रेकॉर्डिंग चालू ठेवूनच. दुसऱ्यांदा म्हणताना आजी हमखास एखादा शब्द बदलतात, आणि मग एकीच्या दोन ओव्या हाती लागतात.

ऐकतानाची एक बारीक गोष्ट. स्पेसबार दाबून थांबलं की कर्सर जिथून निघाला होता तिथे परत जातो. एक्स दाबून थांबलं तर थांबल्या जागीच राहतो. पहिली कळ पुन्हा ऐकण्यासाठी, दुसरी जागा धरून ठेवण्यासाठी. एकाच थांबण्याच्या या दोन तऱ्हा ज्याने ओळखल्या, त्याने तासन् तास कानाला हेडफोन लावून काम केलेलं असणार.

अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीपुढे बसलेल्या गवयाला यातलं काहीच नव्हतं. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, मध्ये थांबणं नाही, चुकलं तर नवी तबकडी. त्या कुंपणात राग बसवणं ही वेगळीच विद्या होती. केसरबाई केरकरांची भैरवी तेवढ्याच वेळेची आहे आणि १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. त्या तीन मिनिटांचं मोल मी कमी मानत नाही. पण जात्यावरची बाई दळण संपेपर्यंत गाते. तिला तबकडी पुरली नसती. न संपणारा आकडाच हवा.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आणि नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या कितीतरी ध्वनिमुद्रित केल्या. एवढ्या पसाऱ्यात एकेक ओवी सुटी ओळखता येणं हेच मोठं काम. त्यामुळे ऑडॅसिटीतली मला सर्वांत प्रिय कळ आहे कंट्रोल-एम. रेकॉर्डिंग चालू असतानाच ती दाबली की त्या क्षणावर खूण पडते आणि खुणेला नाव देता येतं: 'माहेर', 'भाऊराया', 'टेम्पो'. आकडा धावतच राहतो, आजींना कळतही नाही. शेवटी या खुणा साध्या मजकुराच्या फाइलीत काढता येतात. प्रत्येक ओळीत सुरुवातीचा सेकंद, शेवटचा सेकंद, दशांशानंतर सहा अंक, आणि पुढे नाव. ही फाइल आणि ध्वनी एकत्र ठेवले की उद्या कुणालाही आजींची भावावरची ओवी थेट त्या जागी जाऊन ऐकता येते.